उगाच हसणाऱ्यांची मोजदाद

फाईल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मला ठाऊक आहे. पिवळा पडलेला पुठ्ठा, सुटत आलेली नाडी आणि वर चहाच्या कपाचं गोल. ती माझी आजी. मी तिची नात बोलतेय. मला पुठ्ठा नाही, नाडी नाही, आणि माझ्यावर कप टेकवायची सोय अजून निघालेली नाही. मी एका जाहिरात कंपनीच्या आकड्यांची फाईल आहे. माझा मुक्काम क्लाउडवर असतो.

क्लाउड म्हणजे ढग. पण म्हणून वर पाहू नका. मी जमिनीवरच, एका थंडगार इमारतीत, यंत्रांच्या मांडणीवर बसलेली आहे. ढग हे नाव जाहिरातवाल्यांनाच सुचलं असावं. मांडणी म्हटलं असतं, तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

माझा जन्म एका सोमवारी सकाळी सहाला झाला. सुईण म्हणजे एक प्रोग्राम. आठवडाभरात कोणती जाहिरात किती मोबाइलवर दिसली, किती जणांनी तिच्यावर बोट टेकवलं, किती जणांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि किती जण त्यानंतर दुकानात चौकशीला गेले, एवढं त्याने माझ्यात भरलं आणि माझ्या कपाळावर शिक्का मारला: ‘फक्त वाचण्यासाठी’. म्हणजे ज्याला परवानगी आहे त्याने मला उघडावं, वाचावं, नक्कल उतरवून न्यावी. पण माझ्या अंगावरचा एक आकडा इकडचा तिकडे करता येणार नाही. लिहायची किल्ली कुणाही माणसाच्या हाती नाही. ज्याने हा नियम केला, त्याने बरीच वर्षं कचेरीत काढली असणार.

वाचायच्या किल्ल्या एका गृहस्थांकडे असत. सगळे त्यांना किल्लेदार म्हणत. कुणाला कोणतं फोल्डर उघडू द्यायचं, हे ते ठरवत. अर्ज करा, काम काय ते लिहा, मग बघू, अशी त्यांची रीत. सख्खा भाऊ आला तरी ते त्याच्याकडून अर्ज भरून घेतील, अशी त्यांची ख्याती होती. प्रत्यक्षात भाऊ आलाही होता, आणि त्याने अर्ज भरलाही होता.

माझ्या पोटातली जाहिरातमोहीम कानाच्या मशीनची होती. एकूण सहा जाहिराती. पहिली साहेबांची. साहेब म्हणजे या विभागाचे प्रमुख. त्यांच्या जाहिरातीत एक तगडा तरुण डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असे आणि त्याच्या कानात मशीन चमके. इतक्या उंचावर त्याला ऐकायचं काय होतं, ते कुणी विचारलं नाही. तिचं नाव ‘शिखर’. मधल्या चार जणींची नावं ‘कट्टा’, ‘टाळी’, ‘नातू’ आणि ‘पाखरू’. सहावी सगळ्यांत शेवटी तयार झाली, म्हणून माझ्या शेवटच्या ओळीत बसली. तिचं नाव ‘उगाच हसू’.

ती लिहिली होती या कचेरीत चोवीस वर्षं जाहिराती लिहिणाऱ्या एका बाईंनी. तिच्यात डोंगर नव्हता, चमक नव्हती. एक कुटुंब जेवायला बसलंय, कुणीतरी विनोद करतं, सगळे हसतात. म्हातारे वडीलही हसतात, पण एका क्षणाने उशिरा आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघत. खाली ओळ: ‘घरात सगळे हसले, की तुम्हीही उगाच हसता का?’ बाईंचे स्वतःचे वडील असेच हसत. त्यांनी काही शोधून काढलं नव्हतं. समोर दिसलं ते लिहिलं होतं.

मला हे सगळं कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. आम्हा फाईलींना किंवा आमच्या नकलांना स्क्रीनवर उघडून लोक तासन्‌तास बोलत बसतात, आणि माइक बंद करायला हमखास विसरतात. फाईलला कान नसतात, या समजुतीवर जगातल्या निम्म्या मीटिंगा चालतात.

आता मुख्य गोष्ट. साहेब मूळ फाईल कधीच उघडत नसत. ते काम आकडेवाल्याचं. हा पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, स्वभावाने गरीब आणि हाताने घाईचा. तो दर सोमवारी जन्मलेल्या नव्या फाईलची नक्कल उतरवून घेई आणि ती नटवून साहेबांपुढे ठेवी. नक्कल नटवण्याला माझी हरकत नाही. लेक सासरी गेली की तिच्या बांगड्या कुणी मोजू नयेत. साहेबांना नावं अकारविल्हे लागत. मग त्यात काय आहे, हे त्यांना फारसं लागत नसे.

त्या सोमवारी आकडेवाल्याने माझ्या नकलेतला नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावायचा हुकूम दिला. यंत्राने अदबीने विचारलं की शेजारचे रकानेही बरोबर हलवू का. आता, यंत्राने काहीही विचारलं की ‘नको’ दाबायचं, ही या कचेरीची जुनी रीत होती. प्रश्न वाचत बसणाऱ्याला इथे रिकामटेकडा समजत. त्याने ‘नको’ दाबलं. नावं आपापल्या जागा बदलून बसली, आकडे मात्र होते तिथेच राहिले. ‘उगाच हसू’ पहिल्या ओळीत गेली आणि तिथले ‘शिखर’चे मरतुकडे आकडे तिच्या गळ्यात पडले. ‘शिखर’ घसरून शेवटच्या ओळीत आली आणि बाईंच्या जाहिरातीचे भरघोस आकडे अंगावर घालून मिरवू लागली.

मंगळवारी साहेबांनी ती नक्कल सगळ्यांना दाखवली. ते फार दुःखाने बोलले. दुःखाने बोलताना त्यांचा चेहरा उजळतो. म्हणाले, बाईंची जाहिरात साफ पडली. आठवड्यात जेमतेम एकोणीस माणसं दुकानात गेली, ‘शिखर’ला बघा, चारशे सात. शुक्रवारी मशीनच्या कंपनीच्या मालकीणबाई येणार आहेत, त्यांच्यासमोर ही जाहिरात बंद करू. आणि बाईंनी आता खोक्यांवरच्या सूचना लिहिण्याच्या विभागात जावं. बॅटरी कशी घालावी, मशीन पाण्यात का घालू नये, वगैरे. त्या कामालाही अनुभवी हात लागतो, असं ते वर म्हणाले.

 बाईंनी जागेवर येऊन दुकानात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली की लोक आत येतात ते हसत हसत, आणि स्वतःच सांगतात, आम्हीच ते उगाच हसणारे. डोंगरवाल्याबद्दल एका आजोबांनी विचारलं होतं, पण त्यांना तो दोरखंडाची जाहिरात वाटला होता.

बाईंनी हे साहेबांना सांगितलं. दुकानातल्या गप्पा वेगळ्या आणि डेटा वेगळा, असं उत्तर मिळालं. तेव्हा बाईंना चोवीस वर्षांत कधी पडला नव्हता तो प्रश्न पडला: हे आकडे मुळात राहतात कुठे?

त्यांनी बुधवारी किल्लेदारांकडे अर्ज केला. गुरुवारी किल्ली आली. बाईंनी फोल्डर उघडलं. त्यांना माझं नाव दिसलं, जन्मतारीख दिसली, वजन दिसलं. माझ्यावर बोट टेकवलं, तर पाटी आली की परवानगी नाही. मी आतून पाहत होते. वऱ्हाडाला मांडवाचं दार दाखवावं आणि पंगतीला बसू देऊ नये, तसला प्रकार. बाईंनी फोन केला.

“किल्लेदार, मला नाव दिसतंय, पण फाईल उघडत नाही.”

“बरोबर आहे ताई. तुम्ही अर्जात लिहिलंत, फाईल बघायची आहे. बघायची परवानगी दिली. वाचायची आहे असं कुठे लिहिलंत?”

“मग लोक फाईल बघून काय करतात?”

“ते मीही अकरा वर्षं विचारतोय,” किल्लेदार म्हणाले, आणि नवा अर्ज भरायला सांगितला.

तो अर्ज मंजूर व्हायला शुक्रवार उजाडला. मीटिंग सुरू झाली होती. मालकीणबाई खुर्चीत बसल्या होत्या; ठसठशीत बाई, कमी बोलणाऱ्या. साहेबांनी नक्कल पडद्यावर लावली आणि ‘उगाच हसू’वर मृत्युलेख वाचायला सुरुवात केली. एवढ्यात बाईंचा मोबाइल थरथरला. किल्लेदारांचा निरोप होता: वाचा.

बाई उठल्या. “साहेब, बंद करण्याआधी मूळ फाईल एकदा सगळ्यांना दाखवू का?”

“बाई, आकडे खोटं बोलत नाहीत.”

“नाही बोलत. पण त्यांना कुणाशेजारी बसवलंय, ते बघावं म्हणते.”

मालकीणबाई म्हणाल्या, दाखवू द्या. आणि मी उघडले.

खरं सांगते, अंगावर काटा यायची सोय असती, तर आला असता. आजवर आमच्या नकलांनाच मोठ्या पडद्याचा मान मिळाला होता. मी पहिल्यांदाच स्वतः जात होते, बिनपावडरीची. पहिल्या ओळीत ‘शिखर’: एकोणीस. मधल्या चौघी आपापल्या जागी. शेवटच्या ओळीत ‘उगाच हसू’: चारशे सात.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेब म्हणाले की या फाईलमध्ये काहीतरी गडबड आहे, आकडेवाल्या, नीट कर ती. आकडेवाला बिचारा हुकमाचा ताबेदार. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, टाइप करू लागला. मी काही केलं नाही. मी काही करूच शकत नाही, तीच माझी ताकद. पडद्यावर पाटी आली: ‘ही फाईल फक्त वाचण्यासाठी आहे. बदल करता येणार नाही.’ त्याने पुन्हा प्रयत्न केला. पाटी पुन्हा आली. तिसऱ्या वेळी मालकीणबाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली, साहेबांना वाचता येत नसेल या काळजीने.

आकडेवाल्याने हात मागे घेतले. तो दोन्ही तक्ते पाहत होता. त्याचे कान लाल झाले.

“साहेब, ‘नको’ मीच दाबलं,” तो म्हणाला. “यंत्र विचारत होतं बरोबर हलवू का म्हणून. बाई, चूक माझी आहे. तुम्हाला माझ्यामुळे जावं लागलं असतं.”

असं वाक्य मी कचेरीत पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या आजीनेही कधी ऐकल्याचं सांगितलं नव्हतं. बाई त्याला म्हणाल्या, “बस रे. पुढच्या वेळी यंत्राला उत्तर देण्याआधी त्याचं ऐकून घे. आपण कानाची मशीनं विकतोय.”

आधी मालकीणबाई हसल्या, मग सगळे. साहेबही हसले, एका क्षणाने उशिरा, सगळ्यांच्या तोंडांकडे बघत. मग घसा साफ करून त्यांनी सांगितलं की साध्या जाहिरातीत दम असतो, हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो. कोणी वाद घातला नाही. आनंदाच्या प्रसंगी थोडं खोटं चालवून घ्यावं लागतं. ‘शिखर’ त्याच दिवशी उतरवली गेली. डोंगरावरचा तो तरुण एकदाचा खाली आला, याचं मला बरंच वाटलं.

सगळे गेल्यावर बाई एकट्या पडद्यापुढे बसल्या. मला वाटलं, चारशे सात हा आकडा डोळे भरून पाहतील. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्या कुणी न वाचलेल्या रकान्यात गेल्या: किती जणांनी जाहिरात शेवटपर्यंत पाहिली. शंभरातले एक्क्याण्णव. त्यांनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला. “म्हणजे मध्येच कोणी उठलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. चोवीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला एवढंच हवं असतं, आणि ते माझ्याकडे सोमवारपासून होतं. फक्त कुणी मागितलं नव्हतं.

आता माझी नव्वद दिवसांची मुदत भरली आहे. उद्या मला जुन्या फाईलींच्या कोठारात हलवतील. तिथे मला उघडायला काही तास आधी वर्दी द्यावी लागते. म्हातारपणी मी इतकी प्रतिष्ठित होईन, असं वाटलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणी सोमवारच्या सोमवारी जन्माला येताहेत, आणि ‘उगाच हसू’चा आकडा त्यांच्यात वाढतच चाललाय. आकडेवाला आता त्यांना आधी वाचतो, मग नक्कल उतरवतो. यंत्राने काही विचारलं तर ओठ हलवत प्रश्न वाचतो. कचेरीतले लोक त्याला रिकामटेकडा म्हणू लागलेत.

निरोप घेता घेता एकच मागणं. आमच्या नकला खुशाल उतरवा, रंगवा, सजवा. पण एखाद्याच्या पोटावर पाय देण्याआधी मुळाशी येऊन एकदा आम्हाला वाचा. परवानगी लागते, हे खरं. अर्जात फक्त ‘बघायची आहे’ असं लिहू नका.