पाना पडला!

मित्रांनो, शिकाऊ इंजिनीयरांच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, मुठीवर लाल पट्टी चिकटवलेला मी एक जुना पाना आहे. लाल पट्टीचा अर्थ असा, की या पान्यावर विश्वास ठेवू नये. ती पट्टी माझ्या अंगावर कशी आली, ते तुम्हाला सांगतो.

मी साधा पाना नाही. बोल्ट किती घट्ट करायचा हे माझ्या मुठीवरच्या आकड्यांवर आधी ठरवून द्यायचे. तेवढा घट्ट झाला की माझ्या पोटातली स्प्रिंग ‘टक्’ असा आवाज करते आणि हात थांबतो. बोल्ट जास्त आवळला तर तुटतो, कमी आवळला तर सुटतो. म्हणून माझ्या एका ‘टक्’ला फार मान होता.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला, पण नोकरी मिळाली ती जगातल्या सर्वांत वेगवान शर्यतींच्या गाड्या बनवणाऱ्या संघात. तुम्ही टीव्हीवर गाडी बघता, चालक बघता, चषक बघता. त्या एका गाडीमागे आठशे माणसे राबतात. त्यातली बहुतेक संघाच्या कारखान्यातच असतात, शर्यतीच्या मैदानावर कधीच जात नाहीत. कुणी वर्षभर फक्त हवेची एक नळी सुधारतो, कुणी फक्त एका नटाचे वजन कमी करतो.

आमच्याकडे एक तरुण इंजिनीयर होती. तिने पहिली दोन वर्षे गाडीतल्या एकाच पट्टीवर काम केले. तळहातावर मावेल एवढी पट्टी! तिच्या जाडीवरून ती सगळ्यांशी भांडायची, म्हणून तिचे नावच ‘मिलिमीटर’ पडले. सहा वर्षांनी तिला मैदानावर जायची संधी मिळाली. तिथले मुख्य इंजिनीयर, ज्यांना सगळे ‘चीफ’ म्हणत, पहिल्याच दिवशी म्हणाले, “तीन शर्यती बघतो तुला. मग ठरवतो.”

पहिल्या शर्यतीनंतर तिच्या आईचा फोन आला. मिलिमीटर फोनचा स्पीकर लावून, तो टेबलावर ठेवून तारा गुंडाळत होती, म्हणून मलाही ऐकू आले.

“अगं, दोन तास डोळे फाडून बघत होते. दिसलीच नाहीस.”

“आई, मी आत गॅरेजमध्ये असते. माझ्याकडे कॅमेरा कशाला वळेल?”

“शेवटी एक कोपर दिसलं. तुझंच होतं ना?”

“हो आई, माझंच,” ती हसून म्हणाली. ते कोपर दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

दुसऱ्या शर्यतीला तिने एक तार चुकीच्या जागी जोडली आणि चीफकडून सर्वांसमोर बोलणी खाल्ली. मग आली तिसरी शर्यत.

मी ज्यांच्या हातातला पाना होतो, त्या मेकॅनिकला सगळे ‘दादा’ म्हणत. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी दादांनी मला टेबलावर ठेवले होते. मिलिमीटरला लॅपटॉप ठेवायला जागा हवी होती. तिने मला सरकवले आणि मी टेबलावरून खाली सिमेंटवर पडलो. शेजारच्या संघाने नेमके तेव्हाच इंजिन सुरू केले होते, त्यामुळे कुणालाच आवाज गेला नाही.

मित्रांनो, आमच्याकडे एक कडक नियम होता. पडलेला पाना पुन्हा वापरायचा नाही. तो तपासणीला द्यायचा, मग वरून कितीही धडधाकट दिसो. मिलिमीटरला हा नियम पाठ होता. तिने मला उचलले, पुसले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच जागेवर ठेवले. आणखी एक चूक, म्हणजे परत कारखान्यात, परत त्या पट्टीपाशी!

माझ्या पोटातली स्प्रिंग दुखावली होती. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? थोड्या वेळाने दादांनी मला घेतले आणि मागची चाके ज्या दांड्यांवर बसतात, त्या दांड्यांचे बारा बोल्ट आवळले. प्रत्येक वेळी मी वेळेआधीच ‘टक्’ केले. प्रत्येक वेळी दादांनी माझ्यावर विश्वास ठेवून बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. रेघ म्हणजे काम पक्के झाल्याची खूण. आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटे बोललो, तेही एकदा नाही, बारा वेळा.

दुपारी पात्रता फेरी होती. शर्यतीत कोणाची गाडी पुढे उभी राहणार आणि कोणाची मागे, हे त्या फेरीतल्या वेगावर ठरते. फेरीला वीस मिनिटे उरली होती. चालक गाडीत बसला होता. दादांनी तपासणीचा कागद मिलिमीटरसमोर धरला. त्यांच्या सहीखाली तिची सही लागायची.

“करा सही, मिलिमीटर. की बोल्टची जाडीपण मोजायचीय?”

तिने पेन घेतले. कागदावर टेकवले. सही काही होईना.

“दादा,” ती म्हणाली, “पाना पडला होता.”

“कुठला? हा? कधी?”

“सकाळी. माझ्याच हातून.”

“सकाळी?” दादांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “म्हणजे हे सगळे बोल्ट आवळायच्या आधी?”

तिने मान हलवली. दादा ओरडले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि एवढेच म्हणाले, “मागची चाकं काढा रे!”

दुसरा पाना आणला गेला. पहिला बोल्ट पुरेसा घट्ट असता, तर तो पाना लगेच ‘टक्’ म्हणाला असता. तसे झाले नाही. बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरला. मग दुसरा फिरला, मग तिसरा. बाराही फिरले. गाडी बाहेर पडली तेव्हा फेरीची शेवटची चार मिनिटे उरली होती, तेवढ्यात वेग काही साधला नाही. दुसऱ्या दिवशी ती शर्यतीत सर्वांत मागे उभी राहिली आणि तेरावी आली.

शर्यत संपल्यावर चीफनी तिला बोलावले.

“तू बोललीस, म्हणून गाडी आणि आतला माणूस दोन्ही वाचले. हे मी विसरणार नाही.”

ती निघायला वळली, तेव्हा ते पुढे म्हणाले,

“पण तीन तास गप्प बसलीस, हेही विसरणार नाही. उद्यापासून कारखान्यात जा.”

“हो सर,” ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “तो पाना मला मिळेल?”

“भंगार आहे आता तो. काय करणार?”

“शिकवीन.”

अशी माझ्या मुठीवर लाल पट्टी आली आणि मी या खोलीत आलो. मिलिमीटरने पुन्हा वर्षभर कारखान्यात गाडीच्या पट्ट्या तपासल्या. पुढच्या हंगामात चीफनी तिला परत मैदानावर बोलावले. पण नवे इंजिनीयर येतात त्या दिवशी ती कुठूनही इथे येते. मला खिळ्यावरून काढते आणि प्रत्येकाला एकच काम देते. मला जमिनीवर पाडायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “पाना पडला, माझ्या हातून पडला.”

मुले हसतात. पुस्तकांतली कठीण गणिते सोडवून आलेली ही हुशार मुले, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघत नाही. परवा एक मुलगी अगदी हळू पुटपुटली.

“ऐकू नाही आलं,” मिलिमीटर म्हणाली.

“पाना पडला.”

“कोणाच्या हातून?”

मुलगी लाल झाली. “माझ्या!” ती जोरात म्हणाली, आणि खोलीतल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दर वेळी पडून पडून माझ्या अंगावर खूप पोचे आले आहेत. त्याचे मला वाईट वाटत नाही. आता मी कुणाला खोटे सांगत नाही, एवढे मला पुरे आहे.

मित्रांनो, तुमच्याही हातून कधी काही पडेल, चिरेल, बिघडेल. तेव्हा ते उचला, पुसा. पण गुपचूप जागेवर ठेवू नका. आधी कुणाला तरी सांगा, आणि तेही लगेच सांगा. आम्हा वस्तूंना कुठे लागले ते सांगता येत नाही. आमच्या वतीने तुम्हीच बोलायचे असते.