हिरवी पुडी

फान गुरुजी म्हणाले, विकून टाका. त्साय वहिनी म्हणाल्या, खबरदार विकलेत तर. रोज सकाळी शिनचू शहरातल्या शेअर दलालाच्या हॉलमध्ये, भावांच्या फळ्यासमोर, ही दोघं ओळखीची मंडळी मेइ-युनच्या दोन बाजूंना बसत आणि तिच्या डोक्याचा पार भुगा करत.

शेअर तिच्या नवऱ्याचे. चुआन-फूने युंगशेंग कॉम्प्युटरच्या कारखान्यात उभा जन्म काढला. कंपनीने बोनस म्हणून शेअर दिले, ते त्याने कधी विकले नाहीत, आणि गेल्या हिवाळ्यात तो गेला. आता कंपनी म्हणत होती, लॅपटॉप बंद, यापुढे फक्त मोठाले सर्व्हर. म्हणजे चुआन-फूचा विभागच बंद. मग त्याची आठवण म्हणून हे शेअर धरून ठेवायचे कशाला? पण विकायचे म्हटलं की त्याला पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटे आणि तिचा जीव कासावीस होई.

गुरुजींनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे ते बाजारालाही विद्यार्थीच समजत. त्यांचं म्हणणं, सर्व्हर घेणारी गिऱ्हाइकं मोजकी, तीही अमेरिकेतली. भाव पाडून घेतील, राबणार आपण आणि मलई खाणार ते. वहिनींचं म्हणणं, लॅपटॉप आता कोण बनवत नाही? पुढचं सगळं सर्व्हरवरच चालणार. मेइ-युनला दोघांचंही पटायचं. हीच तर पंचाईत होती.

कंपनीच्या वार्षिक सभेला तिघं बरोबर गेली. भागधारकांना भेट म्हणून यंदा स्टीलचा डबा होता. मागे एकदा चांगली जाड कढई मिळाली होती. गुरुजींनी डबा वाजवून पाहिला, पत्रा पातळ आहे म्हणाले, आणि विकण्याचा सल्ला पुन्हा एकदा दिला.

मंचावर नवा सर्व्हर उभा होता. त्याच्या डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी. हिरवी ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, दुसऱ्या रंगाची ठेवली की बिघडतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण समोर बसली होती शेअरवाली मंडळी. त्यांच्या फळ्यावर भाव चढला की लाल आकडा, पडला की हिरवा. सभेच्या दिवशीच डोळ्यांसमोर हिरवं? एकच गिल्ला झाला. अध्यक्षांचा मुलगा परदेशात शिकून आलेला. त्याने हसत हसत हिरवी पुडी खाली काढून लाल ठेवली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हिरवी फोडून खायलाही सुरुवात केली. बाजूला उभा असलेला इंजिनिअर कुओ-वेइ, चुआन-फूच्याच हाताखाली शिकलेला, मात्र पांढराफटक पडला.

बटण दाबलं. यंत्र ढिम्म.

मेइ-युनला काय सुचलं कोण जाणे, ती उठून थेट मंचापाशी गेली. चुआन-फू गेल्यावर त्याच्या कारखान्यातल्या कपाटातून अशीच एक हिरवी पुडी मिळाली होती, ती तेव्हापासून तिच्या पर्समध्येच होती. ती तिने कुओ-वेइच्या हातात दिली. त्याने उलटून पाहिली आणि बिचारा अवघडला.

"काकू, हिची तारीख गेलीय. शिळी ठेवली तर यंत्र रुसतं. काकांनीच शिकवलंय मला. तारीख उलटायच्या आत स्वतः बदलायचे ते. जुनीचा मोह धरायचा नाही, म्हणायचे."

त्याने आपल्या पिशवीतली ताजी हिरवी पुडी काढून वर ठेवली, तारा पुन्हा जोडल्या, आणि यंत्र घुमायला लागलं.

जागेवर परत येते तो नवाच घोळ. गुरुजी म्हणाले, अशी माणसं असलेली कंपनी विकू नये. वहिनी म्हणाल्या, ज्या मालकाला पुडीचा रंग कळत नाही त्याच्या भरवशावर राहू नका, उद्याच विका. मेइ-युनने कपाळाला हात लावला.

बाहेर पायरीवर बसून तिने पुडी फोडली. कुरकुरे पार सादळले होते. तरी तिने एकेक खाल्ला, आणि डोळे पुसत गुरुजींपुढेही पुडी धरली.

"सर्व्हरचं मला अजूनही काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण आमच्या ह्यांनी तारीख गेलेलं काही ठेवलं नसतं. उद्या सकाळी विकते."

गुरुजींनी तोंड उघडलं होतं, ते एक कुरकुरा घालून मिटलं.