भिमाजीचं मीठ

परिपत्रक तिसऱ्यांदा वाचतानाही सावळीराम त्याच ओळीवर अडकला. ‘मृत गिधाडांच्या यकृतावर व मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळतो.’ त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती.

बाकीचा मजकूर सरळ होता. जनावरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सरकारने बंद केलं होतं. इंजेक्शन दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर ती गिधाडं मरतात. शिल्लक बाटल्या सील करून तालुक्याला पाठवाव्यात. सावळीरामने कपाट उघडलं. बाटल्या नेहमीच्या जागी, हाताला पटकन येतील अशा खालच्या फळीवर होत्या.

गोदाकाठच्या, सायखेड्याजवळच्या त्या गावात गुरांच्या दवाखान्यात त्याची सतरा वर्षं गेली होती आणि आता निवृत्ती आली होती. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा; गाव डॉक्टर म्हणायचं. त्याचा हात हलका होता. सुई टोचली तरी गाय कान हलवायची नाही. म्हातारा बैल बसला की उठत नाही, हे मालकाला कळलेलं असायचं. तरी तो सावळीरामकडे यायचा. बैल बरा व्हावा असं त्याचं म्हणणं नसायचं. जाताना त्याला त्रास नको, एवढंच. सावळीराम याच बाटलीतली सुई द्यायचा, घरची बाई बैलाच्या कपाळाला हळदकुंकू लावायची. हळूहळू गावात तो रिवाजच पडला. शेवटची सुई दिल्याशिवाय बैलाला जाऊ देणं लोकांना कमीपणाचं वाटू लागलं. मग भिमाजी गाडी घेऊन यायचा, मेलेलं जनावर नदीकाठी न्यायचा, कातडं सोडवायचा आणि मागे सरायचा. चिंचांवर बसलेली गिधाडं खाली उतरायची. तासाभरात हाडं उरायची.

आठ वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती चिंचांवर माना टाकून बसू लागली. मग पडू लागली. लोक घाबरले, म्हणाले, डॉक्टर, बघा. सावळीरामने आयुष्यात पाखरू कापलं नव्हतं. त्याने एक कापलं. आत काळजावर, आतड्यांवर पांढरी पूड बसली होती.

मारुतीच्या पारावर बैठक बसली तेव्हा तो उठून म्हणाला, आत पांढरी भुकटी आहे, विष असणार. तेवढंच बोलून तो बसला. पण भिमाजीच्या झोपडीत पांढऱ्या भुकटीचं पोतं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. गिधाडं कातडं फाडतात म्हणून यानेच विष घातलं असेल, असं कोणीतरी म्हणालं.

भिमाजी उठून गेला आणि मूठभर घेऊन आला. कातडं मुरवायचं जाडं मीठ होतं ते. चिमूटभर त्याने स्वतःच्या तोंडात टाकलं, मग तळहात सावळीरामपुढे धरला.

“डॉक्टर, तुमी चाखा. तुमचं ऐकत्यात लोक.”

भिमाजीच्या तळहातावरचं मीठ चारचौघांत जिभेवर ठेवायचं, एवढंच काम होतं. सावळीरामने हात पुढे केला नाही. मागून कोणीतरी हसलं. गावाने भिमाजीचं काम काढून घेतलं. महिन्याभरात तो घराला कडी लावून नाशिकला निघून गेला.

शनिवारी सावळीराम एसटीने पंचवटीला उतरला. भाजीबाजारात दोन ठिकाणी विचारल्यावर भिमाजी सापडला. कोबीच्या गोण्यांपाशी राखण करत बसला होता. पाठीवर ओझं घेणं आता होत नव्हतं.

“भिमाजी, ओळखलंत का?”

“वळखलं की. पण अहो-जाहो कवापासून, डॉक्टर?”

सावळीरामने परिपत्रक खिशातून काढलं, वाचून दाखवलं, मग आपल्या शब्दांत समजावलं. भिमाजी एका गोणीचं तोंड सुतळीने शिवत होता. त्याने शेवटचा टाका ओढला.

“म्हंजे पाखरं तुमच्या सुईनं मेली.”

“हो. मला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी मी ते चाखलं असतं, तर...”

“चाखायची काय गरज व्हती?” भिमाजीने सुतळी दातांनी तोडली. “मीठ कुनाला वळखू येत नाय?”

सावळीरामने पाणी मागितलं. भिमाजीने आपला तांब्या पुढे केला आणि सावळीराम पाणी पीत असताना त्याच्याकडे बघत राहिला.

“मला हितं येऊन सांगू नका,” तो म्हणाला. “तुमी जिथं बोलला, तिथं बोला.”

दुसऱ्या दिवशी त्याच पारावर सावळीरामच्या निवृत्तीचा सत्कार होता. सरपंच मोतीरामने शाल घातली, हलक्या हाताबद्दल बोलला, आपल्या पवळ्या बैलाच्या शेवटच्या सुईची आठवण सांगितली. मग माईक सावळीरामकडे आला. त्याने आभार मानले नाहीत.

“गिधाडं माझ्या इंजेक्शनाने मेली,” तो म्हणाला. “सरकारचा कागद आलाय. भिमाजीचा दोष नव्हता. त्याच्या हातात मीठ होतं आणि ते मीठ आहे, हे मला तेव्हाच दिसत होतं.”

मग मोतीरामने हळूच माईक काढून घेतला.

“बघा मंडळी, मानूस किती मोठा. जाता जाता दुसऱ्याचं पाप बी आपल्या अंगावर घेतो.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, बरंच झालं, अभद्र पाखरू होतं. सावळीरामने पुन्हा माईककडे हात नेला, तोवर पोरांनी वायर काढली होती आणि पंगतीची घाई सुरू झाली होती.

लोक बसले तसा वारा फिरला. नदीकडून कुजल्याचा वास आला. परवा कोणाची तरी म्हैस ट्रॅक्टरने ओढून टाकली होती. कुत्र्यांनी अजून अर्धीही संपवली नव्हती. बायकांनी नाकाला पदर लावले. मोतीरामने उदबत्त्यांचा पुडा आणायला सांगितला.

वाढपी आला. पत्रावळीच्या कोपऱ्यात त्याने चिमूटभर मीठ ठेवलं आणि पुढे सरकला. भात आला, वरण आलं. सत्कारमूर्तींनी सुरुवात करावी म्हणून सगळी पंगत हात आवरून थांबली.

सावळीरामने मिठाला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं.

पंगत जेवू लागली.