बोटभर खाली

मार्लिसने वरचा बोल्ट काढला, तसा शॉकअप तिच्या तळहातात कलंडला, झोपलेल्या मुलाच्या दंडासारखा जड. मोटरसायकलच्या सांगाड्यावर तिनेच कधीकाळी वेल्ड केलेल्या पत्तीला तीन भोकं होती. आजवर फक्त मागचं वापरात होतं. तिने शॉकअप पुढे झुकवला आणि सर्वांत पुढच्या भोकात बोल्ट सरकवला.

"काय चाललंय?" गोठ्याच्या दारातून तिचा थोरला भाऊ वर्लिन म्हणाला. काठी त्याने बाहेरच, भिंतीला टेकवून ठेवली होती.

"उतारावर तुझं मागचं चाक उसळतं. शॉकअप तिरका केला की शांत होईल."

"चाळीस वर्षं उसळतंय. आज आठवलं?"

"चाळीस वर्षं तुझ्या बडबडीपुढे काही ऐकू येत नव्हतं."

गाई विकून झाल्या होत्या. दुधाच्या नळ्या टांगायच्या खुंट्यांवर आता जुने टायर लटकत होते. त्यांच्याकडे पाहत वर्लिन उगाच उभा राहिला. खुब्याचा सांधा बदलल्यानंतरची त्याची पहिली शर्यत एप्रिलमध्ये झाली होती. सुरुवातीच्या रेषेवर सगळी इंजिनं गुरगुरत असताना त्याच्या बुटाचं टोक जमीन शोधत राहिलं आणि शर्यत सोडणारं फाटक खाली पडण्याआधीच तो गाडीसकट आडवा झाला. कोणी हसलं नाही. ते न हसणं तो घरी घेऊन आला आणि म्हणाला, गाडी विकून टाक. सीट कापून खाली घेऊ, असं कोणी सुचवलं तेव्हा, "कापलेली सीट पोरांना," एवढंच बोलून तो उठून गेला होता. म्हणून मार्लिसने सीटचं नाव काढलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

तिने हँडल धरलं. तो सावकाश चढला. नेहमीसारखी तिने मागच्या आसापासून मडगार्डपर्यंत टेप लावली. त्याच्या बुटाकडे ती पाहत नव्हती; तरी नजरेच्या कडेला तिला टाच सिमेंटवर पूर्ण टेकलेली दिसली. माप घेऊन झालं, तरी तो उतरला नाही.

"मागचं खाली आलं."

"तिरका केला की थोडं येणारच."

"म्हणजे पुढच्या चाकाचे दांडे जास्त कलणार. वळणात पुढचं चाक बाहेर पळेल."

"थोडं."

"मग?"

"मग हळू घे. तुला गाठायला असा कोण टपून बसलाय?"

तो नाकातल्या नाकात हसला. नीट न वळणारी गाडी आणि गाडीवर न बसणारा भाऊ, यांतलं एक तिने निवडलं होतं. ते बरोबर होतं की नाही, याचा विचार करत ती बटाट्याचा ट्रे ओव्हनमध्ये ठेवायला घरात गेली. परत आली तर गोठ्याचं दार आतून लावलेलं.

"रेडिओवर बेसबॉल ऐकतोय," आतून आवाज आला. "जेवण तयार झालं की हाक मार."

रविवारी, सुरुवातीच्या रेषेवर, ती फडक्याने त्याच्या नंबराची पाटी पुसायला वाकली आणि तिचा हात थांबला. पुढचे दोन्ही दांडे आपल्या पकडींतून बोटभर वर आले होते. कालपर्यंत पकडीत झाकलेला, धूळ न लागलेला लोखंडाचा पट्टा दोन्हीकडे सारखाच चकाकत होता. मागचं जेवढं खाली आलं, तेवढंच पुढचं खाली. कोन पुन्हा पूर्वीचा. गाडी वळणार होती.

त्यासाठी त्याला जमिनीवर गुडघे टेकावे लागले असणार, त्या खुब्यासकट.

तिने खिशातून पाना काढून पकडींचे बोल्ट एकेक करून पाहिले. सगळे घट्ट होते. मग त्याच्या हेल्मेटचा आधीच कसलेला पट्टा तिने उगाच पुन्हा ओढून पाहिला.

"झालं का तुझं?" तो म्हणाला.

"झालं."

इंजिनं गुरगुरू लागली. डावा बूट जमिनीवर सपाट रोवून तो समोर पाहत होता.

"उतार कसा आहे म्हणालीस इथला?"

समोर नदीकाठचं मैदान टेबलासारखं सपाट, शेवटच्या झाडांपर्यंत पसरलं होतं.

"अवघड आहे," मार्लिस म्हणाली. "जपून घे."