सेकंदाच्या डोक्यावरचा दोन

८६. ८६. ८६. ८६.

सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली उशी.

लाल पेन, टोपण चावलेलं.

झेंडूची पिशवी.

५२. ६१. ७०. ७९.

पहिली ओळ माझी, शेवटची रूपालीची. अकोल्यात गजेंद्र सरांच्या नववीच्या शिकवणीत दर शनिवारी शंभर गुणांची परीक्षा असते. पाचव्या परीक्षेत जी पहिली येईल, तिला वरच्या बॅचमधली उरलेली एक जागा.

रूपालीच्या घरचे हिवरखेडला फुलं पिकवतात. ती इथे मावशीकडे राहते, शिकवणीला माझ्या कॅरिअरवर बसून येते. उशी मीच बांधली. चाल, वेग, त्वरणही मीच शिकवलं. वेगाचं एकक मी/से, त्वरणाचं मी/से².

"सेकंद दोनदा कावून वं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तसंच असतं, पाठ कर.

 बसस्टँडपाशी ती कॅरिअरवरून म्हणाली, "एसटी सुटली. एका सेकंदानं वेग दोन, मंग चार, मंग सहा. दर सेकंदाले वेग दोननं वाढून राहिला. एक सेकंद वेगातला, एक वाढीतला. म्हून दोनदा."

मलाही ते तेव्हाच कळलं. मी पेडल मारत राहिले, आधीपासून माहीत असल्यासारखी.

चौथ्या शनिवारी वहीच्या मागच्या पानावर:

माझा वेग ८६. त्वरण शून्य.
रूपालीचा वेग ७९. त्वरण दर आठवड्याला नऊ.
पुढच्या शनिवारी रूपाली = ८८.

खोडलं. पुन्हा केलं. ८८.

पाचवा शनिवार. आमच्याकडे पेपर बाकावरच्या शेजारणीनं तपासायचा. सर उत्तरं सांगतात, खाली तपासणारीची सही. एकक चुकलं की त्या प्रश्नाचे सगळे गुण गेले. माझा पेपर रूपालीकडे होता. तिनं ८६ लिहून सही केलीसुद्धा. तिचा माझ्याकडे. शेवटचा प्रश्न सोडून ८४. शेवटचा चार गुणांचा, त्वरण काढा. सर म्हणाले, अडीच मी/से².

मी फुली मारली. एक रेघ जरा लांब गेली, 'से'च्या डोक्यावरून.

चौऱ्याऐंशी. सही, प्राजक्ता.

रूपालीनं कागद खिडकीकडे धरला. "प्राजू, दोन काढला होता मी."

"मले नाई दिसला."

सरांनीही पाहिलं. लाल रेघेखाली काही होतं की नव्हतं, सांगता येईना. सही झाली म्हणजे झालं, म्हणाले.

जागा मला मिळाली. रूपाली आता चालत येते. उशी मी सोडलेली नाही. परवा खालच्या बॅचमधून कळलं, तिला सत्त्याण्णव पडले. मला इकडे शहाऐंशी.

पहिल्या आठवड्यात तिनं तो दोन 'से'एवढाच मोठा काढला होता. बारीक काढ, असं मीच सांगितलं होतं.