कोपऱ्यापर्यंत जाणारी गाडी

मी एक जुनी बॅटरी आहे, मोटारगाडीची. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. माझ्यासारख्याच थकलेल्या बॅटऱ्या इथे भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. अंगावर धूळ बसली आहे, एका टोकाला पांढरी पूड साचली आहे. टेम्पो आला की आम्हाला वितळवायला नेतील. त्याचं मला दुःख नाही, कारण आमच्या पोटातलं शिसं वाया जात नाही, त्याची पुन्हा नवी बॅटरी होते. पण टेम्पो यायला अवकाश आहे, आणि मला बोलायची हौस दांडगी. सारा जन्म बॉनेटखाली तोंड मिटून काढला, आता तरी ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शिशाच्या जाळीदार पट्ट्या रचल्या, त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ पडदे घातले, वर आम्ल ओतलं आणि काळ्या डब्यात मला बंद केलं. मग एका कोऱ्या करकरीत गाडीत मला घट्ट बसवलं. माझं काम समजायला सोपं आहे. किल्ली फिरवली की मी एक जोरदार झटका देते आणि इंजिन जागं होतं. त्या एका झटक्यात माझी बरीच ताकद जाते. गाडी चालू लागली की इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा माझा सोबती अल्टरनेटर मला हळूहळू पुन्हा भरतो. म्हणजे माझं जेवण रस्त्यावर असतं. गाडी लांब गेली की मी पोटभर जेवते, जवळच गेली तर दोन घास मिळतात. आणि गाडी उभीच राहिली तर मला उपास घडतो.

मला डोळे नाहीत. पण दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो माझ्याच जोरावर. काच खाली केली, हॉर्न दाबला, रेडिओ लावला, सगळं माझ्याच खात्यातून जातं. त्यामुळे गाडीत कोण काय करतंय ते मला बसल्या जागी कळायचं. आणि कान तर माझे फारच तिखट होते.

आमची गाडी ज्यांनी घेतली त्यांना आपण काका आणि काकू म्हणू. काका नुकतेच नोकरीतून मोकळे झाले होते. गाडी घेण्यामागे एकच कारण होतं. काकूंची मोठी बहीण, त्यांची ताई, दूरच्या एका लहानशा गावात राहायची. आई लवकर गेल्यामुळे काकूंना ताईनेच वाढवलं होतं. काकूंचे गुडघे इतके दुखायचे की बसची पायरी त्यांना चढवत नसे, आणि बसमधून उतरल्यावरही ताईच्या घरापर्यंत बरंच चालावं लागे. कितीतरी वर्षं दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. "आता गाडी आली, आता काय, मनात आलं की निघायचं!" असं काका पहिल्या दिवशी म्हणाले. आजूबाजूचे लोक गाडी बघायला आले. काकांनी किल्ली फिरवली, मी झटका दिला आणि इंजिन असं अलगद सुरू झालं की शेजारचे, ज्यांना सगळे दाढीवाले म्हणत, ते म्हणाले, "अहो, चालू झाली का? कळलंच नाही!" खोटं कशाला सांगू, मी तेव्हा भलतीच फुशारले होते.

पहिल्याच आठवड्यात काका गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर गेले. एकटेच होते. गाडी चालवायला ते उतारवयात शिकले होते, हात अजून बसला नव्हता. मागून एक ट्रक आला आणि त्याने असा काही हॉर्न वाजवला की काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन बंदच केली. बराच वेळ ते तसेच बसून होते. धोक्याचे दिवे मात्र त्यांनी लावून ठेवले होते, ते टिकटिकत होते आणि मी त्यांना वीज पुरवत होते. मग अगदी सावकाश गाडी घरी आली. काकूंनी विचारलं, "कशी चालते हो?" काका म्हणाले, "लोण्यासारखी!"

त्या दिवसापासून काकांनी गाडी रोज बाहेर काढली, पण फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. तिथे वळायचं, परत यायचं आणि पोर्चमध्ये उभी करायची. मग बादली, फडकं, साबण. गाडी चालली त्याहून जास्त वेळ धुतली जायची. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, किती जपतात हो गाडीला! आणि मी मात्र मोठा झटका देऊन दोन घासांवर दिवस काढत होते.

संध्याकाळी काकू गाडीत येऊन बसायच्या. त्यांचा फोन गाडीला जोडला की पलीकडचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून यायचा, मोठा आणि स्वच्छ. ताई जणू शेजारच्या सीटवर बसून बोलते आहे असं वाटायचं. इंजिन बंद असायचं. बोलणं, आतला दिवा, फोन चार्जिंगला लावलेला, सगळा भार माझ्यावर. तरी मला ती वेळ फार आवडायची. ताईचा आवाज थोडा घोगरा होता आणि बोलण्यात धाक होता. "जेवलीस का? गुडघ्याला तेल लावतेस का? नाहीच लावत असणार, मला माहीत आहे." काकू साठी ओलांडलेल्या, पण ताईपुढे लहान मुलीसारख्या "हो गं, लावते गं" म्हणायच्या.

एका संध्याकाळी ताई म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, डोळे आता सुधारायचे नाहीत. आत्ता समोरचं माणूस जवळ आलं की दिसतं, पण हळूहळू तेही जाईल. घाबरू नकोस, मी नाही घाबरत. फक्त एकदा ये. दिसतंय तोवर तुला बघून घेऊ दे."

काकू म्हणाल्या, "येत्या रविवारी येते."

रविवारी सकाळी काकू साडी नेसून, डबा भरून गाडीत बसल्या. काकांनी किल्ली फिरवली. मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं, पण माझ्या पोटात काही उरलंच नव्हतं. नुसतं "टक" झालं. पुन्हा "टक". समोरच्या पट्टीवरचे दिवे मिणमिणले. काका म्हणाले, "बघ, गाडीच तयार नाही!" आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आवाजावरून मला ते नेमकं कळलं. काकूंना नाही कळलं, त्या डबा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.

शेजारच्या दाढीवाल्यांनी आपली गाडी जवळ आणली, जाड वायरी जोडून मला उसनी ताकद दिली. इंजिन सुरू झालं, पण बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा काही विझेना. काका म्हणाले, "लाल दिवा असताना लांब जायचं म्हणजे... वाटेत बंद पडली तर? तू या गुडघ्यांनी चालत जाणार का?" हे बोलणं शहाणपणाचंच होतं. त्यामुळे काकू डबा घेऊन घरात गेल्या.

मग हे नेहमीचंच झालं. रविवार ठरायचा, "टक" व्हायचं किंवा लाल दिवा लागायचा, आणि जाणं पुढे ढकललं जायचं. सगळं खापर माझ्यावर फुटलं. "नव्या गाडीत जुनाट बॅटरी घालून फसवलं!" असं काका ज्याला त्याला सांगत होते. जुनाट! मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. शेवटी काकूंनीच हट्ट धरला आणि गाडी वर्कशॉपमध्ये गेली.

तिथे एका मेकॅनिक मुलीने बॉनेट उघडलं. तिने माझी टोकं घासून पाहिली, नट आवळून पाहिले. अल्टरनेटरचा पट्टा बोटाने दाबून पाहिला. इंजिन चालू असताना मीटर लावून वीज किती येते ते पाहिलं. गाडी बंद असताना कुठून चोरून वीज जाते का, तेही एकेक फ्यूज काढून तपासलं. सगळं ठीक होतं. तिने विचारलं, "काका, गाडी नियमित चालते ना?"

"म्हणजे काय! रोज काढतो. एक दिवस चुकवत नाही," काका म्हणाले. रोज काढत होतेच ते, पण कुठपर्यंत ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या मुलीने मला दिवसभर चार्जरला लावलं. संध्याकाळी ती म्हणाली, "बॅटरी चांगली आहे, काका. फक्त उपाशी आहे. आठवड्यातून एकदा तरी तासभर सलग चालवा, मोकळ्या रस्त्यावर. आणि इंजिन बंद असताना फोन, रेडिओ लावून बसत जाऊ नका." मित्रांनो, माझ्या मनातलं कुणी इतकं नेमकं बोललं की कसं वाटतं म्हणून सांगू!

काका घरी आले आणि त्यांनी काकूंना यातलं अर्धंच सांगितलं. "तू गाडीत फोनवर बोलत बसतेस ना, त्याने बॅटरी उतरते."

"म्हणजे... माझ्यामुळे?" काकूंनी विचारलं. काकांनी बादली उचलली आणि गाडी धुवायला घेतली.

त्यानंतर संध्याकाळी काकू गाडीत आल्याच नाहीत. पोर्चमध्ये मी एकटी असायचे. ताईचा आवाज मला ऐकू येईना. आयुष्यात मला राग फार थोड्या वेळा आला, पण तेव्हा आला. मला जीभ असती तर उरलेलं अर्धं मी हॉर्नने वाजवून सांगितलं असतं.

पुढचा रविवार उजाडला. काकू डबा घेऊन बसल्या. काकांनी किल्ली फिरवली, मी झटका दिला, इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. आता सबबीला जागाच नव्हती. तरी गाडी पुढे सरकेना.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "बघा, मी बोलणं बंद केलं आणि लगेच सुरू झाली. सगळा माझाच दोष होता. ताईशी बोलण्यापायी ताईकडेच जायचं राहिलं."

काकांनी इंजिन बंद केलं.

"तुझा काही दोष नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. मोठ्या रस्त्याची. ट्रकची. पहिल्याच आठवड्यात हाय खाल्ली मी. गाडी कोपऱ्यापर्यंत नेतो आणि परत आणतो. म्हणून ती उपाशी राहते. त्या मुलीने सांगितलं होतं मला. मी तुला सांगितलं नाही."

मला वाटलं, आता काकू उतरून जाणार. पण दाराचा दिवा लागला नाही.

"मग आधी सांगायचं ना! मी काय ओरडले असते?"

"ओरडली असतीस."

"हो, ओरडले असते! चांगली ओरडले असते! पण ओरडून झाल्यावर निघालो तरी असतो." काकू म्हणाल्या, "अहो, तिचे डोळे थांबणार आहेत का आपल्यासाठी?"

मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "मोठ्या रस्त्याशिवाय दुसरी वाट नाही का?"

काका म्हणाले, "जुना रस्ता आहे. पण तो अरुंद, वळणांचा. दुप्पट वेळ लागेल. आणि मला तो नीटसा माहीत नाही."

"ताईला माहीत आहे," असं म्हणून काकूंनी फोन गाडीला जोडला.

मित्रांनो, असा प्रवास मी पुन्हा केला नाही. काका गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. ताई स्पीकरमधून वाट सांगत होती. "आता उजव्या हाताला पाण्याची टाकी लागेल."

"टाकी कुठे आहे? इथे तर दुकानं आहेत," काकू म्हणाल्या.

"पाडली असेल मेल्यांनी. तरी तिथून डावीकडेच वळा! आणि त्याला म्हणावं घाई करू नकोस, मी कुठे पळून चालले नाहीये."

काका हसले. किती दिवसांनी हसले ते! ताई बोलत होती, काकू उत्तर देत होत्या, आणि या वेळी इंजिन चालू होतं. अल्टरनेटर मला घास भरवत होता. मी जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर पोटभर जेवले.

गाव आलं. गाडी एका लहान घरासमोर थांबली. काकू उतरल्या, त्यांचं दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. काठीचा आवाज पायरीपर्यंत आला आणि थांबला. "जवळ ये. अजून जवळ. उजेडाकडे तोंड कर बघू," ताई म्हणाली. काकूंच्या चपला दोन पावलं पुढे सरकल्या.

"अगं बाई," ताई म्हणाली, "केस पांढरे झाले की तुझे! किती म्हातारी दिसायला लागलीस!"

आणि काकू हसत, रडत ओरडल्या, "दिसलं! अहो, ऐकलंत का? ताईला दिसलं!"

काका गाडीतच बसून होते. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि चुकून हॉर्न वाजला.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आमची फेरी ठरलेली असायची. सीटवरचं प्लास्टिक निघालं. लाल दिवा पुन्हा कधी लागला नाही. पुढे ताईची नजर गेली, पण तिला काकूंचे केस पांढरे आहेत हे पक्कं ठाऊक होतं आणि त्यावरून ती शेवटपर्यंत चिडवायची. काका मोठ्या रस्त्यावरही जाऊ लागले, अर्थात ट्रकला आधी जाऊ देऊन. मी म्हातारी झाले ती काम करून करून. मला काढताना काकूंनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि मेकॅनिक मुलीला म्हटलं, "हिला नीट ने गं." मी आजपर्यंत एवढंच कौतुक जपून ठेवलं आहे.

तो बघा, टेम्पोचा आवाज येतोय. मित्रांनो, तुमच्या दारात गाडी असेल तर तिला पुसून झाकून ठेवू नका, चालवायला सांगा. दिवा लागला तर तो का लागला ते नीट शोधा, आणि विचारणाऱ्याला सगळं खरं सांगा, अर्धं नको. आणि आज घरी गेल्यावर मोठ्या माणसांना एवढं विचारा, कुणाकडे जायचं राहिलंय का? कुणीतरी पायरीवर, उजेडाकडे तोंड करून वाट बघत बसलेलं असेल.