काडी ओढायची राहिलेली मुलगी

चिमी तेराव्या वर्षी कॉलेजात गेली, तेव्हा अख्ख्या गल्लीत तिच्या बाबांइतका फुगलेला माणूस शोधून सापडला नसता. बाबा रंगारी. शिडीवर चढून भिंतीला पहिला हात मारायच्या आत घरमालकाला सगळी हकिकत ऐकवून मोकळे व्हायचे. पोरीने शाळेचे कुठले कुठले वर्ग ओलांडले, कॉलेजच्या सरांनी तिला फळ्यापाशी उभं करून कसं उलटसुलट विचारलं, आणि शेवटी सरच कसे खडू ठेवून हसायला लागले. खाली उभं राहून ऐकणाऱ्याची मान अवघडायची, पण बाबांची जीभ काही थकायची नाही.

आई मात्र गप्प. ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. तिच्या हाताखालच्या बायका म्हणायच्या, "ताई, नशीब काढलंत." ती नुसती मान हलवायची. तिला डोळ्यांसमोर दिसायचं ते कॉलेजचं फाटक. मिशा फुटलेली पोरं, उंच उंच पोरी, आणि त्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी कोपरापर्यंत येणारी आपली चिमी, पाठीवर तिच्याहून जड दप्तर. तिच्या वयाच्या मुली अजून गल्लीत चेंडू खेळत होत्या आणि हिला मेलीला खेळायला सवडच नाही. हुशारी हुशारी म्हणून सगळ्यांनी मिळून पोरीची काही वर्षं गिळली की काय, असं आईला वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

कॉलेजने चिमीला एका सत्रापुरतंच घेतलं होतं. प्रयोगशाळेच्या मॅडम पहिल्याच दिवशी सरळ बोलल्या होत्या, "रमली तर राहील. नाही रमली तर शाळेत परत जाईल, त्यात कमीपणा काही नाही." बाबांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. आईने दुसरं घट्ट धरून ठेवलं.

चिमी रमली की हो. वर्गात तिची जोडी लागली ती थेट एका ड्रायव्हरकाकांशी. या काकांनी अर्धं आयुष्य बस चालवली होती आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर शिकायची हुक्की आली म्हणून ते पहिल्या वर्षाला येऊन बसले होते. वर्गातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वयस्कर, दोघं एकाच टेबलावर. पोरांनी सुरुवातीला "आजोबा-नात" म्हणून चिडवलं, पण चिमीने एकाची अख्खी वही तपासून त्याच्या चुका काढून दिल्यावर ती पोरं चिडवायची सोडून तिच्याच टेबलाभोवती घोटाळायला लागली.

सगळं ठीक चाललेलं, आणि सत्र संपत आल्यावर एका संध्याकाळी चिमी आईजवळ येऊन उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

"आई, मला काडी ओढता येत नाही."

"कसली काडी?"

"काडेपेटीतली. प्रयोगाच्या परीक्षेला ज्याचा त्याने बर्नर पेटवायचा आहे. जोडी नाही. इतके दिवस ड्रायव्हरकाकाच पेटवायचे."

आईला आधी खरंच वाटेना. डोक्यात मोठमोठी गणितं घेऊन हिंडणाऱ्या पोरीला काडी ओढता येत नाही? मग हळूहळू उजाडलं. शाळेत प्रयोग ज्या वर्गांत सुरू होतात, नेमके तेच वर्ग चिमीने न बसताच ओलांडलेले. आणि घरात? घरात आईनेच तिला विस्तवापासून तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. कॅन्टीनमध्ये भाजलेले हात तिने इतके पाहिले होते की चिमीला चुलीजवळ फिरकायची बंदी होती, आणि लायटर, काडेपेटी कपाटाच्या डोक्यावर. ती बंदी चिमी रांगत होती तेव्हाची. ती उठवायची मात्र राहून गेली. पोरीची बुद्धी सगळ्यांनी मोजली, पण तिचे हात किती मोठे झाले ते बघायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि खरं सांगायचं तर आईला पहिल्यांदा हायसं वाटलं. काडी नाही ओढली तर बर्नर नाही, बर्नर नाही तर प्रयोग नाही, म्हणजे पोर शाळेत परत. कुणी तिला हुशारीत नापास म्हणणार नाही, कुणाच्या तोंडावर ओरखडाही उठणार नाही.

"शिकवशील ना?" चिमीने विचारलं.

"उद्या शिकवते," आई म्हणाली.

उद्या आईचं डोकं दुखत होतं. परवा कॅन्टीनमध्ये जास्तीचं काम निघालं. बाबा शिकवतो म्हणाले तर "तुमच्या हाताला सदा टर्पेंटाइन, तुम्ही लांबच राहा," असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. चिमीने पुन्हा विचारलं नाही. नुसती बघत राहायची, आणि ते बघणं आईला टोचायचं.

मग एके दिवशी आई कामावरून जरा लवकर आली, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आत चिमी स्टुलावर उभी. कपाटावरची काडेपेटी हातात. शेजारी पाण्याने भरलेली बादली, हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला, खिडकी सताड उघडी. सगळा बंदोबस्त चोख, कुणी खोड काढू नये असा. फक्त काडी काही ओढली जात नव्हती. पेटीला टेकवायची, परत मागे घ्यायची, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आवाज मात्र नाही. घराला कळू नये म्हणून पोर तोंड दाबून रडत होती.

ज्या मुलीने आजवर एक गोष्ट दोनदा विचारली नाही, तिला आपण उद्या-परवा करत झुलवत ठेवलं. आईला स्वतःचा असा राग आला की तिने पिशवी तिथेच टाकली.

"खाली उतर. आणि तो टॉवेल काढ आधी, ओल्या हाताने काडी पेटते होय?"

तिने चिमीला पुढे घेतलं, मागून तिचे दोन्ही हात धरले. "काडी मधोमध धर, अगदी टोकाला नको. अंगापासून लांब ओढायची. पेटली की आडवी ठेव, खाली तोंड केलंस तर ज्योत बोटांकडे धावते. आणि आधी काडी, मग गॅस. आधी गॅस कधीच नाही."

पहिली काडी मोडली. दुसरीचं डोकंच उडालं. तिसरी पेटली आणि चिमीने किंचाळून टाकून दिली, आई पायाने विझवत म्हणाली, "छान. आता घर जाळायचं तेवढं राहिलं." चिमी रडता रडता हसली. मग एक पेटली ती हातातच राहिली. आईने आपले हात हळूच सोडून दिले, आणि ते चिमीच्या लक्षातही आलं नाही.

परीक्षा झाली. मॅडमनी आईबाबांना बोलावून घेतलं. "पोरगी उत्तम पास आहे," त्या म्हणाल्या, "पण वय लहान. तुम्ही हो म्हणालात तरच पुढे. नीट विचार करून सांगा." बाबांनी तोंड उघडलं होतं, पण मॅडम आईकडे बघत होत्या. बाई हुशार, तिने बरोबर ओळखलं होतं घोडं कुठे पेंड खातंय ते.

आईचं वाक्य घरून निघतानाच ठरलेलं होतं. काडी शिकवली ती पोरीचे हाल बघवेनात म्हणून, पण अजून एकदोन वर्षं शाळेत राहू दे, असं सांगायचं होतं तिला. ते ओठांवर येईना म्हणून ती "आलेच" म्हणत व्हरांड्यात आली. तिथे ड्रायव्हरकाका बाकावर बसले होते. तिला बघून उठले.

"ताई, तुमचे आभार मानायचे होते. पास झालो मी."

"माझे कशाला? आभार मी मानायचे. इतके दिवस तुम्ही सांभाळलंत तिला."

"मी कसला सांभाळतोय. वर्गात मला निम्मं कळायचं नाही, आणि या वयात विचारायची लाज. ही आपली बिनधास्त हात वर करून विचारायची, आणि त्यावर माझं भागायचं. मला वाटायचं, लहान आहे, तिलाही कळत नसेल. एकदा विचारलं, तर म्हणते, 'मला येतं काका. पण तुमचं लिहिणं थांबलं होतं ना, म्हणून विचारलं.'" काकांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या घरच्यांनासुद्धा कधी कळलं नाही हो, माझं कुठे थांबलंय ते."

इतके दिवस आईला वाटत होतं, पोरीचं नुसतं डोकं पुढे पळालंय आणि बाकीची चिमी मागे एकटी पडलीय. तसं नव्हतं. सगळी चिमीच इथे आली होती, आणि तिला इथे माणसं मिळाली होती. आईला त्या क्षणी त्या काकांचे, मॅडमचे, तिला चिडवून मग तिच्याभोवती बसणाऱ्या पोरांचे पाय धरावेसे वाटले.

ती आत गेली. चिमी खुर्चीवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मॅडम," आई म्हणाली, "मी आज हिला परत न्यायला आले होते. घरात कुणाला बोलले नव्हते. आता नाही नेत. राहू दे तिला इथे, आणि तुमचे फार उपकार झाले."

बाबा तर आ वासून बघत राहिले. चिमी मात्र जराही दचकली नाही.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "तू उद्या उद्या म्हणायचीस तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुला मी परत शाळेत हवी होते, आणि तरी तू मला शिकवलंस." चिमी खुर्चीवरून उतरली आणि आईच्या कुशीत शिरली. "त्याच्यावर मी काय बोलणार होते?"